गोळ्या पुरवून खाणाऱ्यांच्या गावात

मुरूड-श्रीवर्धन पट्ट्यातली बारावी झालेली मुलं दुकानात येऊन विचारतात, "काका, फार्मसीत काही आहे का?" त्यांना सांगतो ते असं.

१. आधी कागद. रॅकवरची पाकिटं पटापट काढता आली म्हणून कुणी फार्मासिस्ट होत नाही. बारावी सायन्स, दोन वर्षांचा डी.फार्म., मग ५०० तासांचं प्रत्यक्ष प्रशिक्षण, आणि शेवटी महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलकडे नोंदणी. १९४८च्या फार्मसी कायद्याच्या ४२व्या कलमानुसार चिठ्ठीवरचं औषध द्यायचा हक्क नोंदणी झालेल्यालाच.

२. सर्टिफिकेट भाड्याने देऊ नका. भिंतीवर तुमचं नाव आणि काउंटरवर दुसराच, हे सर्रास चालतं. घरबसल्या पैसे मिळतात खरे, पण हाताला सवय लागत नाही, आणि तपासणीत सापडलं तर नोंदणीवर गदा येते.

३. गिऱ्हाईक काय मागतं यापेक्षा काय मागत नाही ते बघा. हे कुठल्या सिलॅबसमध्ये नाही. जून-जुलैत मासेमारी बंद. कोळीवाड्यात तेव्हा पैसा नसतो, आणि बीपीच्या गोळ्या दिवसाआड खाल्ल्या जातात. महिन्याची पट्टी संपायच्या दिवशी माणूस आलाच नाही, तर समजायचं. विचारलं की "बरं वाटतंय की आता" असं उत्तर येतं. बरं वाटतंय ते गोळीमुळेच, हे समजावणं हीच आपली नोकरी. त्याच घटकाची स्वस्त जेनेरिक गोळी डॉक्टरांना विचारून सुचवता येते. उधारीचं ज्याने त्याने ठरवावं, माझी वही जाडच आहे. बंदी उठली की प्रश्न बदलतो: बोटीवर किती दिवस? तेवढ्या गोळ्या बांधून द्यायच्या, ओल लागणार नाही अशा.

४. फ्रिज म्हणजे अर्धं दुकान. इन्शुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ आलं, त्यानंतर आमच्याकडे वीज कित्येक दिवस नव्हती. बर्फाचा डबा, थर्मामीटर आणि जनरेटरवाल्याचा नंबर तेव्हापासून एकाच फळीवर असतात.

५. सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रातली औषध निर्माण अधिकाऱ्याची जागा निघाली तर सोडू नका. महाड भागात डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन वापरून जीव वाचवले. मूळचं ते रक्तदाबाचं औषध. पण रात्री दोनला रोगी आला तेव्हा ते कपाटात असायला हवं, आणि ती जबाबदारी स्टॉक सांभाळणाऱ्याची.

६. कारखाने: रोह्याचं धाटाव, महाड, पाताळगंगा. वर चढायला बी.फार्म. लागतं, डी.फार्म.वरून थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. मुलाखतीला निघताना कागदांच्या झेरॉक्स जवळ ठेवा, एमआयडीसीच्या गेटपाशी दुकान शोधत फिरावं लागतं.