तांबेऱ्याचा आकडा लिहिताना

मंगळवेढ्याकडच्या एकाच रानाचे दोन कागद एका आठवड्यात माझ्या टेबलावर आले. रब्बी ज्वारी, मालदांडी, निसवून फुलोऱ्यात आलेली. एकावर तांबेरा ८० टक्के, दुसऱ्यावर १२. वरून सरासरी काढायला सांगितलं गेलं आणि ४६ टक्क्यांचा अहवाल पुढं गेला. त्यावर शेतकऱ्याला फवारणीचा सल्लाही मिळाला. रानात गेल्यावर उलगडा झाला. पहिल्यानं शंभरातली किती ताटं रोगट आहेत ते मोजलं होतं, दुसऱ्यानं पानाचा किती भाग व्यापलाय ते. दोघांचंही बरोबर होतं. त्या ४६ ला मात्र काहीच अर्थ नव्हता.

तेव्हापासून सर्वेक्षणाला निघणाऱ्या पोरांना सांगतो, आकड्याशेजारी काय मोजलं ते लिहा. कुठलं पान आणि पीक कुठल्या अवस्थेत, हेही लिहा. तांबेरा सहसा खालच्या पानांवर आधी दिसतो, आणि ती पानं फुलोऱ्यानंतर तशीही वाळायला लागतात. ती धरली तर पिकाचं म्हातारपण रोगाच्या खात्यात जमा होतं. बांधावर उभं राहून अंदाज करू नका. आत शिरा, नागमोडी चाला, आणि ताट निवडून घेऊ नका, समोर येईल ते घ्या. माणसाचा हात आपोआप डागाळलेल्या पानाकडे जातो.

लाल रंगावर तर मुळीच जाऊ नये. कोळी लागो, वाऱ्यानं पान पानावर घासो, ज्वारी कुठल्याही इजेला लाल-जांभळी होते. पानाच्या खालच्या बाजूनं बोट फिरवा. फुटलेल्या फोडातली विटकरी भुकटी बोटाला लागली तर तांबेरा. लांबट, दोन्ही टोकांना निमुळता, मध्ये राखाडी पडलेला चट्टा असेल तर करपा. ठिपक्याच्या मध्यभागी काळे बिंदू आणि भिंगाखाली त्यांवर काटेरी केस दिसले, तर तो अँथ्रॅकनोज. तिन्ही एकाच पानावरही असतात. मग तीन वेगळे रकाने करा. कंटाळवाणं आहे, पण इलाज नाही.

डाग थोडे असले की डोळा ते जास्त धरतो. म्हणून ५, १० आणि २५ टक्के व्यापलेल्या पानांची चित्रं खिशात ठेवा आणि पान त्यांच्याशी ताडून पाहा.

शेवटची गोम हिशेबात आहे. इक्रिसॅट या संशोधन संस्थेच्या १ ते ९ च्या मोजपट्टीत १ म्हणजे डाग नाही, ५ म्हणजे २१ ते ३० टक्के, ९ म्हणजे ७५ च्या वर. या गुणांवरून रोगाची टक्केवारी काढायचं नेहमीचं सूत्र असं: गुणांची बेरीज भागिले (पानांची संख्या गुणिले ९), आणि आलेल्याला गुणिले १००. आता सगळी पानं निरोगी धरून हेच करून पाहा, उत्तर ११ येतं! एकही डाग नसलेलं रान कागदावर ११ टक्के रोगट ठरतं. ही मोजपट्टी वापरायची तर प्रत्येक गुणातून १ वजा करा आणि ९ च्या जागी ८ घ्या.