ग्राहकाने अनोळखी सर्व्हर प्रणाली निवडली तर?

सर्व्हर भाड्याने घेताना ग्राहकासमोर यादी येते: उबुंटू, डेबियन, अल्मालिनक्स, फ्रीबीएसडी, विंडोज सर्व्हर. काही जण विचारपूर्वक निवडतात, काही नुसतं नाव ऐकलंय म्हणून. मग फोन येतो, "अहो, इथे काहीच चालत नाहीये!"

समजा, मदतीला तुम्ही बसला आहात. ग्राहकाने फ्रीबीएसडी घेतलंय आणि व्हिडिओत पाहून तो 'एपीटी' ही आज्ञा देतोय. पडद्यावर येतंय, 'कमांड नॉट फाउंड'. सर्व्हर बिघडलेला नाही. एपीटी ही डेबियन-उबुंटूची आज्ञा. अल्मालिनक्सवर त्याच कामाला 'डीएनएफ' आणि फ्रीबीएसडीवर 'पीकेजी'. फ्रीबीएसडी तर लिनक्सच नव्हे! ते बर्कले विद्यापीठातल्या युनिक्सच्या घराण्यातलं, १९९३ पासूनचं. शेजारच्या स्वयंपाकघरात चहा करायला गेलं की साखर असते, पण डबा वेगळ्या फळीवर असतो, तसंच इथे. एनजिनएक्सची सेटिंग उबुंटूत 'ईटीसी' फोल्डरमध्ये, फ्रीबीएसडीत 'यूएसआर-लोकल-ईटीसी'मध्ये. हे एकदा सांगितलं की ग्राहकाची निम्मी भीती जाते.

"हे कशाला घेतलंत?" असं मात्र विचारू नका. माणूस ओशाळतो आणि खरी गरज सांगतच नाही. "यावर काय चालवायचं आहे?" असं विचारा. साधी वेबसाइट असेल आणि सर्व्हर अजून रिकामा असेल, तर ओळखीची प्रणाली नव्याने टाकून घेणं सोपं. पण त्याने झेडएफएस हवं म्हणून मुद्दाम फ्रीबीएसडी घेतलं असेल, तर शिकायचं आपण.

फायरवॉलपाशी जास्त सांभाळा. उबुंटूवर 'यूएफडब्ल्यू' चालू करण्याआधी एसएसएचला, म्हणजे सहसा २२ क्रमांकाच्या पोर्टला, परवानगी द्यावी लागते. ती राहिली तर ग्राहक स्वतःच्याच सर्व्हरबाहेर अडकतो. मग होस्टिंग कंपनीच्या कन्सोलवरून आत शिरावं लागतं. आपल्याला नीट माहीत नसलेली आज्ञा दुसऱ्याच्या चालू दुकानावर वापरून पाहायची नाही, हे माझं ठाम मत. आधी बॅकअप, तोही दुसऱ्या मशीनवर.

आणखी एक गोष्ट विचारायची, आवृत्ती कोणती? सेंटओएस ७ चा आधार ३० जून २०२४ ला संपला. तो सर्व्हर आजही सुरू होईल, पण सुरक्षेच्या नेहमीच्या दुरुस्त्या येणार नाहीत. अशा ग्राहकाला शेजारी नवा सर्व्हर उभा करून द्या, माहिती तिकडे न्या, वेबसाइट आणि ईमेल तपासा आणि मगच पत्ता नव्याकडे वळवा. जुना लगेच पुसू नका. विसरलेली एखादी फाइल आठवडाभराने हमखास आठवते.