पथ्याच्या ताटातील खोबऱ्याचे लोणी

दूध वर्ज्य करण्याचा वैद्यकीय सल्ला मिळाला की दही, ताक, लोणी, खीर हे सारे एकाच वेळी ताटातून उठते. पथ्य करणाऱ्यासाठी निराळे रांधले जाते आणि सर्वांच्या पंगतीत बसूनही ती व्यक्ती एकटी पडते. खोबऱ्याचे लोणी ही उणीव काही अंशी भरून काढू शकते. मात्र ते दुधाची कोणती जागा घेते आणि कोणती घेत नाही, हे नीट समजून घेतले पाहिजे.

प्रथम पथ्याचे कारण जाणून घ्यावे. दुधातील लॅक्टोज ही साखर ज्यांना पचत नाही, त्यांपैकी अनेकांना दही व तूप सोसते. दुधातील प्रथिनांची ॲलर्जी असल्यास मात्र दुधाचा अल्प अंशही घातक ठरू शकतो. अशा वेळी तूपसुद्धा डॉक्टरांना विचारूनच घ्यावे.

लोणी कसे करावे?

खोबरेल तेल म्हणजे केवळ स्निग्धांश. खोबऱ्याच्या लोण्यात तंतूंसह संपूर्ण खोबरे असते. लसूण-खोबऱ्याची चटणी कुटताना खोबऱ्याला तेल सुटते. तीच क्रिया पुढे नेली की लोणी तयार होते. सुमारे २०० ग्रॅम सुक्या खोबऱ्याचा बारीक कीस पाणी न घालता, थांबत थांबत मिक्सरमध्ये वाटावा. थोड्या वेळाने तो सैल व मऊ होतो. कोरड्या काचेच्या बरणीत भरून ठेवावा व कोरडाच चमचा वापरावा. हवामान सुमारे २४ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की हे लोणी घट्ट होते. बरणी कोमट पाण्यात ठेवल्यास ते पुन्हा मऊ होते. खवट वास येऊ लागल्यास टाकून द्यावे.

उपयोग कसा करावा?

गरम भाकरीवर मिठाची चिमूट टाकून हे लोणी लावावे. भाजीच्या रश्शाला दाटपणा हवा असल्यास सायीऐवजी एक चमचा लोणी गरम पाण्यात कालवून शेवटी घालावे. उकळत्या दुधात गूळ घातल्यास दूध फाटण्याची भीती असते. नारळाच्या रसात ती नसते. कोकणातील शिरवाळे गूळ घातलेल्या नारळाच्या रसाबरोबर खाण्याची रीत आहेच. त्याच धर्तीवर तांदळाची खीर किंवा नाचणीचे सत्त्व पाण्यात शिजवून, आंच बंद केल्यावर त्यात गूळ व थोडे लोणी मिसळावे. तांदूळ, ज्वारी, बाजरी व नाचणी यांत ग्लुटेन नसल्याने, भेसळीची काळजी घेतल्यास, गहू वर्ज्य असलेल्यांनाही हे पदार्थ चालतात.

मर्यादा कोणती?

एका मोठ्या चमच्यात, म्हणजे सुमारे १५ ग्रॅम लोण्यात, अंदाजे १०० कॅलरी व साडेआठ ग्रॅम संपृक्त स्निग्धांश असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून अधिक ऊर्जा संपृक्त स्निग्धांशातून घेऊ नये. २००० कॅलरींच्या आहारात ही मर्यादा सुमारे २२ ग्रॅम होते. दोन मोठ्या चमच्यांतच तिचा तीन चतुर्थांश भाग खर्ची पडतो. म्हणून हे लोणी तेला-तुपात भर म्हणून न घेता त्यांच्या ऐवजी, लहान चमच्याने मोजून घ्यावे. हृदयविकार असलेल्यांनी, तसेच पोटॅशियमचे पथ्य असलेल्या मूत्रपिंडाच्या रुग्णांनी ते डॉक्टरांच्या संमतीनेच घ्यावे.

दुधातील कॅल्शियम व प्रथिने खोबऱ्यातून फारशी मिळत नाहीत. त्यांसाठी नाचणी, तीळ, डाळी व हिरव्या पालेभाज्या ताटात हव्यातच. तान्ह्या बाळाला दुधाची ॲलर्जी असल्यास नारळाचा रस हा त्यावरील पर्याय नव्हे. तेथे बालरोगतज्ज्ञांचाच सल्ला घ्यावा.

खोबऱ्याचे लोणी दुधाची चव व स्निग्धता भरून काढते, पोषण नव्हे. हा जमाखर्च ध्यानी ठेवून एखादी खीर वा आमटी घरातील सर्वांसाठी अशीच केली, तर पथ्याचे ताट वेगळे मांडावे लागत नाही.