राबाचा टहाळ आणि झाडांची निगा

राजगड (पूर्वीच्या वेल्हे) तालुक्यातील पासलीसारख्या अतिवृष्टीच्या, डोंगरउताराच्या मुलखात भातरोपांसाठी राब भाजण्याची रीत जुनी आहे. शेण, टहाळ, पातेरा व वर माती असे थर देऊन जमीन भाजली म्हणजे तणाचे बी मरते व राखेचे खत मिळते. राबाचा हा गुण मान्य करावयास हवा. परंतु त्यापायी ऐन-किंजळाची झाडे दरसाल शेंड्यापर्यंत छाटली तर बांधावर नुसते सोट उरतात.

टहाळ तोडावयाचाच तर शेंडा व वरच्या फांद्या राखाव्यात. झाडे आळीपाळीने घ्यावीत. जाड फांदीस प्रथम खालून खाच घ्यावी, मग वरून कापावे. नाहीतर फांदी पडताना खोडाची साल ओढून नेते. फांदीच्या बुडाचा फुगीर कडा कापू नये. जखम तेथूनच भरून येते. मोठ्या जखमेस १ किलो मोरचूद, १ किलो चुना व १० लिटर पाणी यांचा लेप द्यावा. तो लोखंडी भांड्यात कालवू नये.

राबच कमी करता आला तर अधिक बरे. डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री भातशेतीत रोपवाफ्यास दर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो भाताच्या तुसाची काळी राख देतात व खाचरात गिरिपुष्पाचा पाला गाडतात. गिरिपुष्पाची फांदी बांधावर सहज जगते.

मात्र एकाने राखलेले झाड दुसऱ्याने छाटले तर श्रम वाया जातात. म्हणून यंदा कोणती झाडे राखावयाची, हे दिवाळीनंतर, कोयते बाहेर निघण्यापूर्वी, ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी गावकीच्या बैठकीत ठरवून घ्यावे.