आधी दार, मग डान्स फ्लोअर

चि. सोनू,

लोअर परळच्या नव्या नोकरीत रुळलीस आणि येत्या शनिवारी ऑफिसच्या मंडळींबरोबर क्लबला जायचा बेत ठरलाय, हे ताईकडून कळलं. "तू मामा आहेस, तूच समजाव तिला," असा तिचा निरोप आहे. समजावणं म्हणजे अडवणं असं तिच्या मनात असेल, तर तसं काही या पत्रात नाही. तेवीस वर्षांच्या कमावत्या मुलीनं नाचायला जावं आणि मनसोक्त नाचावं. मात्र ज्या जागी जायचं ती जागा कशी उभी राहिली, कशी चालते आणि कुठे दगा देते, हे माहीत करून घेऊन जावं. त्यासाठी हे पत्र.

मुंबईत नाचायच्या जागा पूर्वी मोठ्या हॉटेलांच्या आत असत. साठ-सत्तरच्या दशकात ताजमध्ये 'ब्लो अप' होतं. १९८० मध्ये साबिरा मर्चंट यांनी मरीन ड्राइव्हवरच्या हॉटेलात 'स्टुडिओ २९' सुरू केलं, तिथे सभासदांनाच प्रवेश असे. ही मूठभर श्रीमंतांची दुनिया होती. गिरगाव-परळच्या पोरांसाठी नाच म्हणजे गणपतीची मिरवणूक आणि लग्नाची वरात.

हे चित्र पालटलं त्याचं मूळ १९८२ मध्ये आहे. त्या वर्षी १८ जानेवारीला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले आणि त्यातल्या कितीतरी जणांना पुन्हा साच्यावर उभं राहता आलंच नाही. भोंगे थांबले, शेड रिकाम्या पडल्या. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस फिनिक्स मिलच्या आवारात 'फायर अँड आइस' हा डिस्को आला. डिसेंबर २००७ मध्ये मथुरादास मिलच्या आवारात 'ब्लू फ्रॉग' उघडलं आणि पुढची आठ-नऊ वर्षं देशभरातले वादक तिथे वाजवून गेले. कमला मिलच्या आवारात तर एकाला लागून एक हॉटेलं, बार आणि पब थाटले गेले. आज ज्या उंच छताखाली लेझरचे झोत फिरतात, त्या जमिनीवर कोकणातून आणि घाटावरून आलेल्या माणसांनी तीन पाळ्यांत आयुष्यं घालवली आहेत. शनिवारी तिथे पाऊल टाकणाऱ्या मराठी मुलीला एवढं माहीत असायलाच हवं.

१९८२ मध्येच याच शहरात आणखी एक गोष्ट घडली. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटसंगीतात वाजवणारे वादक. त्यांनी रोलंड कंपनीची नवी इलेक्ट्रॉनिक वाद्यं आणली आणि डिस्कोच्या ठेक्यावर दहा रागांची तबकडी काढली. ती फारशी कुणी घेतली नाही. त्यांनी वापरलेल्या त्याच 'टीबी-३०३' यंत्रातून पाच वर्षांनी शिकागोच्या पोरांनी ॲसिड हाऊस नावाचं संगीत काढलं आणि ते जगभर गेलं. २००२ मध्ये एका डच संग्राहकाला भारतात ही जुनी तबकडी सापडली, २०१० मध्ये ती पुन्हा निघाली, तेव्हा युरोपातले डीजे थक्क झाले. चरणजित सिंग २०१५ मध्ये वारले. त्याआधी म्हातारपणी का होईना, परदेशातल्या मंचांवर त्यांना आपलं वादन ऐकवता आलं.

हे मुद्दाम सांगायचं कारण असं, की क्लबमध्ये वाजतं ते 'नुसतं धडधड' असं म्हणणाऱ्यांचं ऐकू नये. शिकागोच्या 'वेअरहाऊस' क्लबात १९७७ पासून फ्रँकी नकल्स रेकॉर्डी लावत. तिथे येणारे बहुतेक कृष्णवर्णीय आणि समलिंगी तरुण असत, ज्यांना शहरात इतरत्र मोकळेपणानं नाचता येत नव्हतं. बर्लिनची भिंत पडल्यावर तिथे १९९१ साली 'ट्रेझर' उघडलं, ते एका जुन्या डिपार्टमेंट स्टोअरच्या तिजोरीघरात. बर्लिनमधलंच 'बर्गहाइन' जुन्या वीजकेंद्रात आहे आणि दारातच फोनच्या कॅमेऱ्यावर स्टिकर चिकटवलं जातं, म्हणजे आत नाचणारा कुणाच्या मोबाइलमध्ये अडकत नाही. २०२४ मध्ये जर्मनीनं बर्लिनच्या टेक्नो संस्कृतीची नोंद आपल्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केली. तेव्हा रील काढण्यापेक्षा कोण वाजवतंय ते विचारावं, आवडलं तर त्याचं नाव लक्षात ठेवावं.

आणि 'लोक काय म्हणतील' याबद्दल. २००५ मध्ये महाराष्ट्र सरकारनं डान्स बारवर बंदी घातली. त्याच कायद्यात तीन तारांकित आणि त्यावरच्या हॉटेलांना सूट होती. म्हणजे तोच नाच परमिट रूममध्ये अनीतीचा आणि तारांकित हॉटेलात सुसंस्कृत. उच्च न्यायालयानं २००६ मध्ये ही बंदी रद्द ठरवली आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल कायम केला. तोवर हजारो बायकांची रोजीरोटी गेली होती. बाई कुठे नाचते यावरून तिचं चारित्र्य ठरवायची ही खोड आपल्याकडे खोल मुरलेली आहे. कुणी तुझ्याबद्दल तसं बोललं तर मनाला लावून घेऊ नकोस. आणि कुठल्या बारमध्ये नाचून पोट भरणाऱ्या बाईबद्दल तूही तसं बोलू नकोस.

आता या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. क्लब चांगला की वाईट हे त्याच्या दारावरून ठरतं, आणि ते दार म्हणजे बाउन्सर उभा असतो ते नव्हे. मागचं.

२८ नोव्हेंबर १९४२ च्या रात्री बोस्टनच्या 'कोकोनट ग्रोव्ह' क्लबात आग लागली. आत परवानगीच्या दुपटीहून जास्त माणसं होती. पुढचं दार फिरतं होतं, ते गर्दीच्या रेट्यानं अडकलं. बाजूची दारं कुलूपबंद होती, का तर गिऱ्हाइकांनी बिल बुडवून पळू नये. ४९२ माणसं गेली. सत्तर वर्षांनी, २७ जानेवारी २०१३ ला ब्राझीलमधल्या सांता मारिया शहरात 'किस' क्लबात मंचावर पेटवलेल्या शोभेच्या दारूनं छताचा फोम पेटला. लोक बिल न देता पळताहेत असं वाटून रक्षकांनी सुरुवातीला त्यांना दारातच अडवलं. २४२ मृत्यू झाले. शिकलेलं विसरलं जातं ते असं, आणि दोन्हीकडे भीती एकच होती: गिऱ्हाईक फुकट जाईल.

२००३ मध्ये अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये 'स्टेशन' नावाच्या क्लबात अशाच शोभेच्या दारूनं फोम पेटून शंभर जण मेले. सरकारी तपास संस्थेनं आगीचा सेकंदासेकंदाचा हिशेब मांडला. फोमनं पेट घेतल्यापासून साधारण नव्वद सेकंदांत नाचायच्या जागेवर उभं राहून जगणं अशक्य झालं होतं. बाहेर पडायला आणखी दारं होती, पण बहुतेक जण ज्या दारानं आत आले त्याच दाराकडे धावले आणि तिथे एकमेकांवर कोसळले. घाबरलेल्या माणसाला ओळखीचीच वाट आठवते.

हे लांबचं वाटत असेल, तर २९ डिसेंबर २०१७ आठव. मध्यरात्र उलटल्यावर कमला मिलमधल्या गच्चीवरच्या पबला आग लागली. वरचं आच्छादन पेटलं, बाहेर जायच्या वाटेत सामान होतं. आसरा म्हणून कितीतरी जण बाथरूममध्ये शिरले आणि तिथेच गुदमरले. चौदा जण गेले, त्यात अकरा स्त्रिया. तुझ्या ऑफिसपासून ही जागा चालत जाण्याइतकी जवळ आहे. आणि डिसेंबर २०२५ मध्ये गोव्यात हडफड्याला नाइटक्लबच्या आगीत पंचवीस जण मेले. अरुंद रस्त्यामुळे बंब आतपर्यंत पोहोचू शकले नाहीत. मेलेल्यांमध्ये पर्यटक थोडे आणि कामगार जास्त होते. दूरदूरच्या राज्यांतून पोटासाठी आलेली ही मुलं होती, आणि त्यातली बरीच तळघरातल्या स्वयंपाकघराच्या बाजूला धुरात सापडली.

म्हणून आत गेल्यावर, संगीताचा अंमल चढण्याआधी, हिरवी 'एक्झिट' पाटी शोधावी आणि त्या दारापर्यंत स्वतः चालत जावं. पाच मिनिटं लागतात. दार बाहेरच्या बाजूला उघडतं का? आडव्या दांडीवर हात दाबला की सुटतं का, की कडीला कुलूप आहे? त्यापुढच्या जिन्यात बिअरचे क्रेट, मोडक्या खुर्च्या, गॅसचे सिलिंडर रचलेत का? छताला कापड, बांबू, फोम, सुक्या वेली लटकवल्यात का? बंद छपराखाली कुणी आगीचे कारंजे उडवायला लागलं तर तिथून निघावं, कार्यक्रम कितीही रंगात असो. धूर दिसला तर पर्स, कोट, फोनचं चित्रीकरण सगळं सोडून खाली वाकून त्याच दारानं बाहेर पडावं. बाथरूमला दुसरं दार नसतं, हे कायम लक्षात ठेव.

कानांचं थोडक्यात सांगतो. शंभर डेसिबलचा आवाज दिवसाला पंधरा मिनिटांच्या वर कानांना झेपत नाही आणि क्लबमध्ये तो तासन्‌तास त्याच्या आसपास असतो. कानाच्या आतल्या सूक्ष्म केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये अशा जागांसाठी मानक काढलं, त्यात इअरप्लग उपलब्ध ठेवणं आणि कानांना विसावा द्यायला शांत जागा असणं या अपेक्षा आहेत. आपल्याकडे त्याची वाट न बघता केमिस्टकडून फोमचे इअरप्लग घ्यावेत. ते घालून बास तसाच अंगात भिनतो. स्पीकरला चिकटून उभं राहू नये आणि तासातून एकदा बाहेरच्या हवेत यावं.

दारूबद्दल कायदा असा: महाराष्ट्रात बिअरसाठी वय एकवीस आणि व्हिस्की, रम, व्होडकासाठी पंचवीस. परमिटही लागतं. तू तेवीसची आहेस, तेव्हा कॉकटेलचा आग्रह झाला तर तिथे नियमच तुझ्या बाजूने आहे. आपला ग्लास आपल्या हातात असावा, नजरेआड झालेला पुन्हा तोंडाला लावू नये. 'एमडी' म्हणजे मेफेड्रोन, त्यालाच म्यावम्याव म्हणतात. २०१५ पासून ते अमली पदार्थविरोधी कायद्याखाली येतं आणि पुडीत नेमकं काय आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. त्याच्या वाटेला जायचंच नाही. पण कुणी घेतलं आणि कोसळलं, तर पोलिसांच्या भीतीनं त्याला टाकून पळायचं नाही. कुशीवर वळवायचं, म्हणजे उलटी घशात जात नाही, आणि १०८ ला फोन करायचा.

परतीचा हिशेब निघण्याआधी करावा. पब दीड वाजता बंद होतात, शेवटची लोकल एकच्या सुमारास सुटते आणि पुढची पहाटे. हे मधले तास म्हणजे चुकीच्या गाडीत बसण्याचे तास. १९ मे २०२४ ला पहाटे पुण्यात कल्याणीनगरमध्ये सतरा वर्षांचा मुलगा पबमधून निघून पोर्श चालवत होता. त्याच्या धडकेत मोटरसायकलवरचे दोन तरुण आयटी अभियंते गेले. त्याला काही तासांत जामीन मिळाला आणि अटींमध्ये तीनशे शब्दांचा निबंध होता. पुढे रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरांना अटक झाली. तो मुलगा एकटा नव्हता, मित्र बरोबर होते. गाडी चालवणाऱ्यानं 'दोनच घेतल्यात' म्हटलं तर बसू नकोस. कायद्याची मर्यादा शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅम मद्य एवढी आहे आणि कॉफी पिऊन नशा उतरत नाही. टॅक्सीचे पैसे पहिल्यांदा बाजूला ठेव. बरोबर दोघी-तिघी असतील तर सगळ्या निघाल्याशिवाय कुणी निघायचं नाही, असं आधीच ठरवून घ्या.

तुमच्या पिढीवर एक जबाबदारीही आहे. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार इमारतीच्या मालकानं आगीची यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र दर वर्षी जानेवारीत आणि जुलैत द्यायचं असतं. कागद दिला जातो आणि दाराला कुलूप तसंच राहतं, कारण गिऱ्हाईक कधी विचारत नाही. तुम्ही विचारा. दार बंद दिसलं तर मॅनेजरला बोलावून ते उघडायला सांगा. त्यानं टाळलं तर सगळ्या ग्रुपला घेऊन बाहेर पडा आणि अग्निशमन दलाकडे लेखी तक्रार करा. दहा जणांचं शनिवारचं बिल ही मालकाला कळणारी भाषा आहे. ते बिल का बुडालं, हे त्याला तोंडावर सांगून या.

तुझा,
मामा