मापाचा शब्द आणि मापाचे भांडे
(कुडव, पायली, खंडी या धान्यमापांचा विचार)

जुन्या उपदेशी घरांत वह्यांच्या गठ्ठ्यांत कधी कधी अशी नोंद आढळते की, मठातील उपहारासाठी दरवर्षी एक कुडव ज्वारी द्यावी, अथवा सुगीला इतक्या पायल्या गहू पोचते करावेत. नोंद करणारे पूर्वज गेले, पायलीही माळ्यावरून कोठे गेली ते कळत नाही. संकल्प मात्र कुळाकडे उरला. नातवाच्या मनात खरा प्रश्न उभा राहतो. एक कुडव म्हणजे किलो किती? कोणी जाणता गृहस्थ चटकन एखादा आकडा सांगतो आणि त्या आकड्याप्रमाणे देणे सुरू होते. देणाऱ्याची निष्ठा निर्मळ असते, पण आकडा खरा असेलच असे नाही. पोथीतील मापवाचक शब्दाचा अर्थ लावणाऱ्या अभ्यासकाचीही अडचण नेमकी हीच आहे. म्हणून या विषयाचा थोडा मुळातून विचार करू.

प्रथम तीन क्रिया वेगळ्या ओळखाव्यात. आपल्या अंजनगाव सुर्जीच्या पानमळ्यातील पान मोजतात, पिंपळी आणि कापूस तोलतात, आणि ज्वारी पूर्वी मापीत असत. मोजण्यात संख्या कळते, तोलण्यात भार कळतो, मापण्यात भांड्याची पोकळी किती भरली एवढेच कळते. जुन्या मराठीत या शेवटच्या क्रियेला ‘मवणे’ असे क्रियापद होते. जेथे ‘मवणे’ आहे तेथे तराजू नाही, भांडे आहे, हे ध्यानात धरले म्हणजे अर्ध्या चुका टळतात. उरलेल्या अर्ध्या चुका एकच शब्द दोन्ही क्रियांस लावल्यामुळे होतात. शेर मापाचाही होता आणि वजनाचाही. वजनाचा पक्का शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे ९३३ ग्रॅम. असे ४० शेर म्हणजे ३७ किलो ३२४ ग्रॅमचा मण. मापाच्या शेराशी व मणाशी या आकड्यांचा काही संबंध नाही. खंडीचेही तसेच. कापसाच्या बाजारात आजही बोलली जाणारी खंडी ७८४ पौंडांची, म्हणजे सुमारे ३५६ किलोंची आहे. ती वजनाची खंडी आहे. धान्याच्या खंडीस हा आकडा लावणे म्हणजे नाव सारखे म्हणून दोन माणसे एकच समजणे होय.

धान्यमापांची मराठी उतरंड मोठी सुरेख आहे. दोन निळव्यांचे एक कोळवे, दोन कोळव्यांचे एक चिपटे, दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर, दोन शेरांची एक अधोली, दोन अधोल्यांची एक पायली. प्रत्येक पायरीस दुप्पट. पायलीत निळवी चौसष्ट. अक्षरशत्रू गृहिणीलाही हा हिशेब चुकत नसे, कारण अर्धे आणि दुप्पट यांपलीकडे त्यात गणित नाही. पायलीच्या वर गेले की मात्र ही शिस्त मोडते. मण कोठे बारा पायल्यांचा, कोठे सोळांचा. खंडी वीस मणांची, म्हणजे एका गावी २४० पायल्या तर दुसऱ्या गावी ३२०. पायली दोन्हीकडे एकच मानली तरी खंडीमागे ८० पायल्यांचा फरक पडला. आणि पायली तरी एकच होती असे कोण म्हणेल? आपला वऱ्हाड निजामाच्या राज्यात होता, १८५३ पासून इंग्रजांच्या कारभाराखाली गेला, १९०३ मध्ये मध्यप्रांताशी जोडला गेला. अशा सीमेवरच्या मुलखात एकाच मापाचे राज्य कधी नव्हते.

आता ‘कुडव’ या शब्दाकडे वळू, कारण अभ्यासकाची सर्वांत मोठी फसगत येथे होते. भास्कराचार्यांनी शके १०७२ मध्ये रचलेल्या सिद्धान्तशिरोमणीतील ‘लीलावती’ या पाटीगणिताच्या आरंभी परिभाषा दिली आहे. लांबी, रुंदी, खोली प्रत्येकी एक हात असलेली पोकळी म्हणजे घनहस्त, तीच धान्याची मागध खारी. खारीचा सोळावा भाग द्रोण, द्रोणाचा चौथा भाग आढक, आढकाचा चौथा प्रस्थ, प्रस्थाचा चौथा कुडव. हात दीड फुटाचा धरला तर खारी सुमारे साडेपंचाण्णव लिटर होते; द्रोण सहा लिटरला किंचित कमी, आढक दीड लिटर, प्रस्थ पावणेचारशे मिलिलिटर, आणि कुडव अवघा ९३ मिलिलिटर. म्हणजे ओंजळीपेक्षाही लहान.

मराठी कुडव पाहा. कोकणात व गोव्यात वीस कुडवांची खंडी. आपल्या पूर्वेस नागपूर-भंडाऱ्याच्या बाजूलाही कुडव किंवा कुडो हे धान्याचे मोठे माप म्हणूनच बोलण्यात येत असे. शब्द तोच, पण संस्कृतातील कुडव खारीचा १०२४ वा भाग आणि मराठीतील कुडव खंडीचा विसावा भाग. एक मुठीत मावतो, दुसऱ्यास पोते लागते. संस्कृत कोश उघडून मराठी नोंदीचा अर्थ लावणारा मनुष्य पूर्वजांच्या संकल्पाचे ओंजळभर धान्य करून टाकील. आणि मराठी कुडव मनात धरून वैद्यकाचा ग्रंथ वाचणारा काढ्याचे पातेले भरील! म्हणून पहिला नियम असा की, शब्द कोणत्या भाषेच्या, कोणत्या मुलखाच्या व्यवहारातून आला आहे ते आधी ठरवावे. अंक नंतर मांडावेत.

मापाचे स्वामित्व कोणाकडे, हाही प्रश्न जुनाच आहे. चाळीसगाव तालुक्यातील पाटण येथे शके ११२८ चा प्रसिद्ध शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांच्या मठास निकुंभ वंशातील सोइदेवाने दिलेल्या दानाची नोंद त्यात आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकविण्यासाठी तो मठ होता. लेखाचा अखेरचा भाग मराठीत असून तो बाजारातील उत्पन्नाविषयी आहे. जितके तेलघाणे असतील तितक्यांमागे पळीपळी तेल मठास द्यावे, असे तो सांगतो. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यापुढील आज्ञा अधिक मोलाची आहे. तेथे जे काही मवले जाईल ते मठाच्या मापाने मवावे. मापणावळीचा अर्धा वाटा मठास आणि अर्धा मापहाऱ्यास. हा मापहारी म्हणजे आपला मापारी. लीळाचरित्राच्या रचनेपूर्वी सुमारे सत्तर वर्षे, म्हणजे श्रीचक्रधर स्वामींच्या काळाच्या अगदी उंबरठ्यावर, यादवांच्या मुलखात माप हे गावोगावी वेगळे असणार हे गृहीत धरून, निदान एका बाजारपेठेत एकच माप चालावे अशी ही व्यवस्था होती. त्या काळचे गद्य वाचताना मापाच्या शब्दापुढे ‘कोठले माप’ हा प्रश्न आपण आपल्या पदरचा लावीत नाही. तो त्या काळच्या लोकांनाही पडत होता.

दुसरा विचार भरण्याचा. भांडे काठाशी सपाट करून मापणे आणि शीग लावून मापणे यांत किती अंतर पडते, याची कल्पना पुष्कळांना नसते. कौटिल्याने अर्थशास्त्रात माप वाळलेल्या कणखर लाकडाचे करावे आणि त्याचा चौथा भाग शिखेत यावा, अथवा शिखा आतच धरावी, असे सांगून ठेवले आहे. शिखा म्हणजे आपली शीग. तिचे गणित लीलावतीतील राशिव्यवहारावरून करता येते. जमिनीवर ओतलेल्या राशीचा घेर दोरीने मोजावा. हरभऱ्यासारख्या जाड धान्याच्या राशीची उंची घेराचा दहावा भाग, मोहरीसारख्या बारीक धान्याची अकरावा भाग, साळीसारख्या कुसाळ धान्याची नववा भाग. घेराच्या सहाव्या भागाचा वर्ग करून उंचीने गुणले की खाऱ्या मिळतात. बारा हात घेराची हरभऱ्याची रास घ्या. उंची १.२ हात, घेराचा सहावा भाग २, त्याचा वर्ग ४, गुणाकार ४.८ खारी, म्हणजे सुमारे ४५९ लिटर. या रीतीत परिघ व्यासाच्या तिप्पट धरला असल्याने उत्तर सुमारे विसाव्या भागाने अधिक येते. तेवढे वजा केले तर ४३८ लिटर, वजनाने साडेतीन क्विंटलच्या आसपास. खळ्यावर एका दोरीने इतके काम होत असेल तर तराजूची वाट कशाला पाहावी?

पायलीवरची शीग ही अशीच एक लहान रास. समजा, पायलीचे भांडे आतून २० सेंटिमीटर व्यासाचे व १६ सेंटिमीटर खोल आहे. त्रिज्येचा वर्ग १००, त्यास ३.१४ आणि १६ ने गुणले की ५०२४ घन सेंटिमीटर, म्हणजे पाच लिटर. यावर दहाव्या भागाच्या उताराची शीग चढविली तर ती सुमारे ६६० मिलिलिटर येते. सपाट मापाच्या आठव्या भागाहून थोडी जास्तच. आता तेवढ्याच पोकळीचे, पण पसरट भांडे घ्या: व्यास २८, खोली ८ सेंटिमीटरला थोडी अधिक. सपाट भरल्यास दोन्ही सारखीच. शीग लावल्यास मात्र या दुसऱ्यावर तब्बल १.८ लिटर धान्य उभे राहते. एका पायलीमागे लिटरभराहून अधिक अंतर, आणि दोन्ही पायल्या सच्च्या! मजुराला मजुरी घालताना उभे भांडे आणि कुळाकडून वसूल करताना पसरट भांडे ठेवणारा सावकार पोकळीत खोटेपणा करीत नव्हता. तो तोंडाच्या रुंदीत करीत होता. मापारी पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणत असे. तो लाभ कोणाचा, हे भांड्याच्या तोंडावर ठरत असे.

तिसरी गोष्ट धान्याची. वरची पाच लिटरची पायली सपाट भरली तर ज्वारी सुमारे पावणेचार किलो बसते, गहू किंचित अधिक, सालीसकट भात तीन किलोंच्याही आत. म्हणून ‘एक पायली म्हणजे इतके किलो’ असे सूत्र धान्याचे नाव घेतल्यावाचून पाठ करूच नये. १९५६ च्या कायद्याने आणि ऑक्टोबर १९५८ पासून चालू झालेल्या दशमान वजनांनी बाजार तोलावर आणला. गोंधळ पुष्कळ मिटला यात शंका नाही. पण जुन्या नोंदी मापावर लिहिलेल्या आहेत, आणि कायदा त्या नोंदींचा अर्थ सांगत नाही.

तेव्हा ज्यांच्या कुळात असा संकल्प आहे त्यांनी पुढील क्रम धरावा. घरचे किंवा भाऊबंदांकडचे जुने भांडे मिळते का ते आधी पाहावे. मिळाल्यास लिटरच्या मापाने त्यात पाणी भरून किती मावते ते मोजावे. भांडे लाकडी असेल वा गळत असेल तर राळे किंवा मोहरी भरून तेच धान्य लिटरने मोजावे. पाणी तोलून तो आकडा ज्वारीस लावू नये. नंतर ज्या धान्याची नोंद आहे तेच धान्य, चालू सुगीचे वाळलेले, त्यात सपाट भरून एकदा आणि शीग लावून एकदा तोलावे. घरातील वडीलधाऱ्यांना विचारावे की, खळ्यावर शीग लावीत की फळीने सपाट करीत, आणि कुडव किती पायल्यांचा मानीत. ही स्मृती अजून काही म्हाताऱ्या मंडळींकडे आहे. सालदाराला सालाचे धान्य घालताना त्यांनी ती मोजदाद डोळ्यांनी पाहिलेली असते. भांडे नाही आणि सांगणाराही नाही, असे असेल तर त्याच वहीतील इतर नोंदी वाचाव्यात. एकाच दिवशी एखादे धान्य मापून घेतलेले आणि दुसऱ्या पानावर तेच तोलून विकलेले असेल, तर दोन्ही नोंदींच्या मेळाने पायली हाती येते.

एवढे करूनही दोन अर्थ उरले, तर देणाऱ्याने शिगेचे माप धरावे आणि घेणाऱ्याने सपाट मापाची अपेक्षा ठेवावी, असे आमचे मत आहे. निर्णय कोणताही होवो, वहीत नुसते किलो लिहू नयेत. मूळ शब्द जसाच्या तसा ठेवून त्याखाली भांड्याचा व्यास, खोली, भरण्याची रीत, धान्याचे नाव आणि तोललेले वजन हे सर्व मांडावे, म्हणजे पुढच्या पिढीतील कोणास तो हिशेब तपासून पाहता येईल.