मंडळीचे प्रश्न : आईबापांचा द्वेष करावा काय ?

(पाठ : लूक १४.२५–३३)

खेड्यांतील एका मंडळीला भेट देऊन मी परत निघालों असतां एक तरुण बंधु मला ओढ्यापर्यंत पोंचवावयास आला. त्याचा बाप्तिस्मा होऊन एक वर्ष झालें होतें. घरीं विधवा आई आहे. ती ख्रिस्ती नाहीं. कोणा शेजाऱ्यानें तिला लूकाच्या चौदाव्या अध्यायांतील सव्विसावें वचन वाचून दाखविलें, आणि त्या दिवसापासून ती मुलाशीं नीट बोलेनाशी झाली. "तुझ्या देवानंच सांगितलंय न्हवं, आईवर डूख धर म्हणून ? मग माझ्या हातची भाकरी कशाला खातोस ?" असें ती म्हणते. बंधूनें मला विचारलें, "पाळकसाहेब, प्रभूनें असें खरेंच सांगितलें आहे काय ? आणि सांगितलें असेल, तर मी काय करूं ?"

हा प्रश्न त्या एकट्याचा नाहीं. ज्यांच्या घरांत एक जण ख्रिस्ती व बाकीचे नाहींत, अशा पुष्कळांच्या मनांत तो असतो. पण विचारावयाची भीति वाटते. म्हणून या पाठांत त्याचा विचार करूं. वाचकांनीं प्रथम वरील वचनें सावकाश वाचावीं, मग पुढें चालावें.

१. या शब्दाचा अर्थ

प्रभूनें आईबाप, बायकामुलें व भाऊबहिणी यांचीं नांवें घेतलीं, शेवटीं माणसाच्या स्वतःच्या जिवाचेंही नांव घेतलें, आणि या सर्वांचा द्वेष केल्यावांचून कोणी आपला शिष्य होऊं शकत नाहीं असें सांगितलें. शब्द कठीण आहे यांत शंका नाहीं. परंतु शास्त्राचा अर्थ शास्त्रानेंच उघडावा, हा नियम येथें उपयोगी पडतो.

मराठींत द्वेष म्हणजे मनांत धरलेला डूख, दुसऱ्याचें वाईट व्हावें ही इच्छा. इब्री लोकांच्या बोलण्याची रीत निराळी होती. दोहोंपैकीं एकाला पहिलें स्थान दिलें म्हणजे त्याच्यावर 'प्रीति' केली, व ज्याला मागें ठेवलें त्याचा 'द्वेष' केला, असें ते म्हणत. उत्पत्ति २९.३० येथें याकोबानें लेआपेक्षां राहेलीवर अधिक प्रीति केली असें आहे. आणि लागलेंच पुढच्या वचनांत लेआविषयीं मूळ भाषेंत द्वेषाचाच शब्द आला आहे. याकोब लेआचा वैरी नव्हता. ती त्याच्या घरांत राहिली, व तिला त्याच्यापासून मुलेंही झालीं. आपल्या गोष्टींतून आवडती राणी व नावडती राणी असतात. त्यांतील नावडतीसारखी ती होती. तिचा मान दुसरा. अनुवाद २१.१५–१७ येथेंही दोन बायकांविषयीं हेंच बोलणें आहे, आणि तेथें तर नावडतीच्या मुलाचा हक्क बुडवूं नये अशी सक्त आज्ञा आहे.

आतां मत्तय १०.३७ उघडावें. तीच शिकवण तेथें सोप्या शब्दांत सांपडते : आईबापांवर किंवा मुलांवर प्रभूपेक्षां अधिक प्रीति करणारा प्रभूला योग्य नाहीं. तेव्हां लूकांतील 'द्वेष' हा डूख नव्हे. प्रभूला पहिलें स्थान व इतर सर्वांस त्याच्यामागून, हा त्याचा भाव आहे.

आणखी दोन गोष्टी ध्यानांत घ्याव्या. त्याच वचनांत माणसाच्या स्वतःच्या जिवाचाही उल्लेख आहे. आपल्या जिवावर कोणी डूख धरितो काय ? भूक लागली म्हणजे आपण जेवतों, ताप आला म्हणजे औषध घेतों. दुसरी गोष्ट : लूक ६.२७ येथें याच प्रभूनें वैऱ्यांवर प्रीति करण्यास सांगितलें आहे. जो वैऱ्यावर प्रीति करावयास सांगतो, तो जन्मदात्या आईचा डूख धरावयास कसा सांगेल ?

२. माझी एक चूक

येथें मला माझी स्वतःची चूक सांगितली पाहिजे. सेमिनरींतून निघून थोडींच वर्षें झालीं होतीं. एका बंधूची आई दूरच्या गांवीं आजारी पडली. घरांत त्या वेळीं देवीचा नवस फेडावयाचा होता. जावें कीं नाहीं असें त्यानें मला विचारलें. मूर्तिपूजेंत तो ओढला जाईल या भीतीनें मीं हेंच वचन त्याच्यापुढें ठेवून "जाऊं नको" असें सांगितलें. तिसऱ्या दिवशीं आई वारली. त्यानें मला दोष दिला नाहीं. एवढेंच म्हणाला, "दाराकडं बघत बघत तिचा जीव गेला, असं लोक सांगतात."

मीं त्याला वचन दिलें, पण वचनाचा अर्थ दिला नाहीं. प्रचारक बंधूंनो, शास्त्रांतील कठीण शब्द दुसऱ्याच्या घरावर टाकण्यापूर्वीं तो आपण नीट समजलों आहों कीं नाहीं, हें गुडघे टेकून तपासून पाहा.

३. प्रभूनें स्वतः काय केलें

प्रभूच्या घरींही विरोध झाला. त्याच्या आप्तांना तो भ्रमिष्ट झाला आहे असें वाटलें (मार्क ३.२१), व त्याचे भाऊ त्याच्यावर विश्वास ठेवीत नव्हते (योहान ७.५). त्यांच्या म्हणण्यावरून त्यानें आपलें कार्य सोडलें नाहीं. पण वधस्तंभावर, स्वतः मरणयातना भोगीत असतां, त्यानें आपल्या आईला एका शिष्याच्या हवालीं केलें (योहान १९.२६–२७). आईला दुसरें स्थान देणें व आईला टाकून देणें यांतील अंतर येथें दिसतें. आणि तीच आई व तेच भाऊ पुढें शिष्यांबरोबर प्रार्थनेंत बसलेले आढळतात (प्रेषित १.१४).

उलट, देवाला अर्पण केलें असें सांगून आईबापांच्या पोटाला न देणाऱ्यांवर प्रभूनें कडक ताशेरा ओढला (मार्क ७.९–१३). आपल्या घरच्यांची तरतूद न करणाऱ्याला पौल अविश्वासणाऱ्याहून वाईट म्हणतो (१ तीमथ्य ५.८). म्हणून जो देवळांत वर्गणी देतो, पण ज्याची म्हातारी आई शेजाऱ्यांकडे पीठ उसनें मागते, त्यानें आधीं घरीं धान्य न्यावें.

४. तरीही वचन हलकें करूं नये

इतकें ऐकून कोणी म्हणेल, "बरें झालें, आतां कांहीं सोडावयास नको." तसें नाहीं. याच पाठांत बुरूज बांधणाऱ्याचा व लढाईला निघालेल्या राजाचा दृष्टान्त आहे. विहीर खणावयास घेऊन पाणी लागण्यापूर्वींच पैसा संपला, तर गांव हसतो व खड्डा तसाच राहतो. शिष्य होण्याची किंमत आधीं मोजावी, असें प्रभु सांगतो. ज्या दिवशीं आई म्हणेल, "मी हवी कीं तुझा प्रभु ?" त्या दिवशीं प्रभूची आज्ञा पाळावी लागेल. परंतु नाकारावयाची ती आईची मागणी. आईला नाकारूं नये. आवाज चढवूं नये, घर सोडण्याची घाई करूं नये, तिच्या देवांची थट्टा करूं नये.

५. घरांतील व्यवहार

आईनें वाढलेलें अन्न विवेकासाठीं चौकशी न करितां खावें. मात्र हा नैवेद्य आहे असें कोणी स्पष्ट सांगितलें, तर नम्रतेनें बाजूला ठेवावें. पौलानें करिंथच्या मंडळीला हीच वाट दाखविली (१ करिंथ १०.२७–२८).

आईबापांच्या मरणप्रसंगीं जावें, खांदा द्यावा, रडावें, खर्चाचा वांटा उचलावा. पिंडदानासारखे विधि आपल्याला करितां येणार नाहींत, हें मात्र भावकीला आधींच एकांतांत सांगून ठेवावें. प्रेतापाशीं वाद नको. अरामी सेनापति नामान यानें, धन्याबरोबर रिम्मोनाच्या देवळांत वांकावें लागेल याबद्दल आधींच क्षमा मागितली, तेव्हां अलीशानें त्याच्यावर नवीन ओझें घातलें नाहीं, त्याला शांतीनें पाठविलें (२ राजे ५.१८–१९). यावरून पूजेला मोकळीक आहे असें कोणी समजूं नये. अडचणींत सांपडलेल्या नवीन विश्वासणाऱ्याशीं कसें बोलावें, हें मात्र पाळकांनीं त्यावरून शिकावें.

आणि धीर धरावा. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ सालीं मुंबईस झाला, तेव्हां पत्नी लक्ष्मीबाई यांना कांहीं वर्षें त्यांच्यापासून दूर राहावें लागलें. त्या पतीकडे परत आल्या त्या ख्रिस्ती होऊन नव्हे. पुढें १९०० सालीं, स्वतःची खात्री पटल्यावर, त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. ही हकीकत त्यांनींच 'स्मृतिचित्रें' या पुस्तकांत लिहून ठेविली आहे. घराचें दार उघडें राहिलें, तर देवाला काम करण्यास वेळ कमी पडत नाहीं.

ओढ्याकांठीं त्या बंधूला मीं एवढेंच सांगितलें : "आज घरीं जा, आईजवळ बस, आणि शेजाऱ्यानें एक वचन वाचलें, आतां मी दुसरें वाचतों, असें म्हणून योहानाचा एकोणिसावा अध्याय तिला वाचून दाखीव. मग तिच्या हातची भाकरी माग."

रविवारच्या वर्गासाठीं प्रश्न : (१) लेआच्या गोष्टीवरून 'द्वेष' या शब्दाचा कोणता अर्थ निघतो ? (२) प्रभूनें आपल्या आईविषयीं कोणती काळजी घेतली ? (३) तुमच्या घरीं कोणती मागणी नाकारावी लागते, व ती प्रीतीनें कशी नाकारतां येईल ? (४) या आठवड्यांत घरच्या कोणत्या माणसाची कोणती सेवा तुम्ही कराल ?